पळीभर पाणी

"सत्तावन्न किलो दोनशे," मी म्हणालो, आणि खात्री करायला काट्याची दांडी बोटानं पुन्हा हलवली. दांडी थोडी डुलली आणि तिथंच येऊन थांबली.

दिगू नुसत्या चड्डीवर काट्यावर उभा होता. सोसायटीच्या गोदामात युरियाचा वास भरला होता, आणि खताची पोती मोजायच्या त्या काट्यावर आम्ही आमचा गडी मोजत होतो.

"काल पळून आल्यावर किती भरला होता?" दारात बसलेल्या बापू वस्तादांनी विचारलं.

"छप्पन."

"आन् आज सकाळी सत्तावन्न दोनशे." वस्तादांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. "एका रात्रीत सव्वा किलो. निवास, लेका, कुठंतरी पाणी मुरतंय."

दिगू खाली उतरला आणि सदरा डोक्यातनं घालत म्हणाला, "वस्ताद, रात्री अर्धी भाकरी खाल्ली फकस्त. माझ्या आईला विचारा."

"आईला काय विचारायचं? आई तुझ्याच बाजूनं बोलणार," मी म्हणालो.

तो माझ्याकडं बघत राहिला. बिगरीपासून आम्ही एका पाटावर बसलेले. त्याच्याशी असं मी तोवर कधी बोललो नव्हतो, पण तोंडातनं गेलं ते गेलं, आणि मला त्याचं तेव्हा काही वाटलंही नाही.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट आहे. आमच्या कवठाळीत भैरोबाच्या जत्रेला पंचावन्न किलो वजनी गटाची कबड्डी असायची. सामन्याच्या दिवशी सकाळी पंच एकेक खेळाडू काट्यावर घ्यायचे, आणि पंचावन्नच्या वर भरला की तो बाद. तीन वर्षं लागोपाठ माळेवाडीनं फायनल मारून ढाल नेली होती, आणि तीनही वर्षं आमच्याच मैदानावरनं वाजत गाजत नेली होती. मी नवजीवन क्रीडा मंडळाचा कप्तान. माझं जेवण जात नव्हतं.

दिगंबर सुतार हा आमचा चढाईचा हुकमी गडी. त्याचा दम म्हणजे गावात दाखला द्यायची गोष्ट होती. समोरच्या सातजणांत शिरून कबड्डी कबड्डी म्हणत हा असा फिरायचा, की बघणाऱ्यांचा श्वास संपायचा, पण ह्याचा नाही. आदल्या वर्षी तो चोपन्न भरला होता. मग वर्षभर लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचं काम केलं, आणि यंदा जत्रेला बारा दिवस उरले असताना काट्यावर चढवला तर साडेसत्तावन्न. त्याचे खांदे रुंद झाले होते, दंडाला पीळ आला होता. पण आम्हाला दिसला तो फक्त आकडा. वजन वाढलं म्हणजे चरबी वाढली, यापुढं आमची अक्कल जात नव्हती.

"चरबी म्हंजे तूप," वस्ताद सांगायचे. "तूप इस्तवावर ठेवलं की पातळ हुतंय का न्हाई? तशी चरबी अंगातनं पातळ होऊन भायेर येती, तोच घाम. जेवढा घाम तेवढी चरबी गेली. आन् त्यावर पाणी प्यालं की ती परत धरती. गडी सुकला पायजे."

वस्तादांनी तरुणपणी कुस्तीची मैदानं मारलेली. आता त्यांचं स्वतःचं पोट धोतराच्या गाठीवर आरामात टेकलेलं असायचं, पण त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि वस्तादांवर ढकलून मी सुटणार नाही. त्यांनी सांगितलं त्याच्या दुप्पट मी करून घेतलं. युरियाच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद दिगूच्या पोटाला गुंडाळायचा, वर लोकरीचा स्वेटर, आणि चैताच्या उन्हात दहा वाजता कालव्याच्या पुलापर्यंत पळवत न्यायचा. मी सायकलवर मागं. परत आल्यावर पोटाची चरबी जावी म्हणून पाठीवर झोपवून तीनशे वेळा उठवायचा. कागद सोडला की आतलं पाणी पायावर सांडायचं, आणि मला आनंद व्हायचा. गेली बघ चरबी, म्हणायचो मी.

काटाही साक्ष द्यायचा. पळून आला की किलो-सव्वा किलो कमी. पण दुसऱ्या सकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी! एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. एवढा घाम गाळूनही वजन परत येतं म्हणजे हा चोरून खातोय. आणि आपला जीव तोडून सराव करणारा गडी चोरून का खाईल, तर त्याला पंचावन्नमध्ये बसायचंच नसेल. त्याला तसं कुणी सांगितलं असेल.

कुणी, हे शोधायला लांब जायला नको होतं. दिगू ज्या वखारीत कामाला होता, ती वखार माळेवाडीतच. मालक जयकुमार शेठ. माळेवाडीच्या संघाचं बनियन, बूट, दूध, अंडी, सगळं शेठच्या घरचं. इतके दिवस मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता दिसायला लागलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी फाट्यावर उभा होतो. लांबनं शेठची बुलेट आली, आणि मागं दिगू. बुलेट फाट्याच्या अलीकडंच, चिंचेखाली थांबली. दोघं बराच वेळ बोलत उभे राहिले. शेठ हात हलवून काहीतरी पटवत होते, दिगू मान खाली घालून ऐकत होता. मग शेठ बुलेट वळवून भर्रकन निघून गेले आणि दिगू एकटा चालत आला.

"कुणाबरोबर आलास रं?" मी विचारलं.

"कुणाबरोबर? चालतच आलो की."

मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच, आता ती थांबेना. घरी येऊन जेवायला बसलो आणि ताटावरनं उठलो.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्यावर डोळ्यात तेल घालून पाळत ठेवली. सकाळचं पळणं झालं की तो भाकरीचा डबा घेऊन वखारीला निघायचा. दोन दिवस मी फाट्यापर्यंत बघितलं. तिसऱ्या दिवशी सायकल घेऊन मागं गेलो. तर गडी माळेवाडीच्या रस्त्याला लागलाच नाही. तो कालव्याकडं वळला. कडेला कुणाच्यातरी उसाला मोटारीचं पाणी सुरू होतं. दिगू पाइपाजवळ गेला, चवड्यांवर बसला आणि ओंजळी लावून प्यायला लागला. जनावर पितं तसा पीत होता, मध्ये दम खायलाही थांबेना.

मी सायकल टाकली आणि मागनं त्याची गचांडी धरली.

"आता सापडलास!"

तो घाबरून उठला. तोंडावरनं पाणी निथळत होतं. "आरं, पाणीच पितोय की निवास. काय चोरी केलीया का?"

"चोरीच ही. घाम गाळायचा आमच्या म्होरं, आन् हिथं येऊन चरबी परत धरायची! वखारीत का गेला न्हाईस?"

"आज सुट्टी हाय."

"सोमवारी सुट्टी? डबा बघू."

मी डबा हिसकावून उघडला. दोन भाकरी, ठेचा, कांदा. हातसुद्धा लावलेला नव्हता. शहाण्या माणसाला त्यात उपाशी पोर दिसलं असतं. मला वाटलं, शेठकडं मटण मिळत असल्यावर हा कशाला ठेचा-भाकरी खाईल.

दिगूनं सदरा वर केला. पोट पाठीला लागलं होतं. "बघ. हात लावून बघ. चिमटीत चामडं घावतंय का सांग. कुठं हाय चरबी? काय वितळवतोयस तू?"

"काटा खोटं बोलत न्हाई," मी म्हणालो.

"मग मी बोलतोय?"

मी डबा खाली ठेवला. त्यानं डबा उचलला, झाकण लावलं आणि माझ्याबरोबर गावाकडं चालायला लागला. वेशीपाशी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी पंचावन्नात बसणार. तुला शब्द दिलाय न्हवं? मग कर काय करायचं ते."

आणि मी केलं. जत्रेच्या आधीचे दोन दिवस त्याला मी माझ्या घरी आणून ठेवला, माझ्या नजरेसमोर. जेवण बंद. सकाळ-संध्याकाळ पळणं, दुपारी बंद खोलीत शेगडी पेटवून घोंगडी पांघरून बसणं. पाण्याचा माठ मी आईच्या ताब्यात दिला आणि देव्हाऱ्यातली पळी काढून घेतली. दिगूनं पाणी मागितलं की त्या पळीनं, तीर्थ देतात तसं, त्याच्या हातावर एक पळी. तासाला एक.

आईला ते बघवेना. "आरं, कोंबडीम्होरंसुदीक वाटीभर पाणी ठेवत्यात," ती म्हणाली. "त्या पोराच्या ओठाला भेगा पडल्यात."

"तू यात पडू नगं, आई. दोन दिवसांचा परश्न हाय."

"काकी, असू द्या," दिगू घोंगडीतनं म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "त्यो कप्तान हाय."

जत्रेच्या सकाळी तो लघवीला जाऊन आला आणि मला म्हणाला, "निवास, रंग कोऱ्या च्यासारखा आलाय." मी म्हणालो, "चरबीच जातीया ती." हे मी खरंच म्हणालो. आजही आठवलं की माझे कान तापतात.

नऊ वाजता पंचांच्या काट्यावर तो चढला. दांडी हलली, थांबली. "चोपन्न नऊशे," पंच म्हणाले. आमच्या पोरांनी जल्लोष केला. वस्तादांनी माझी पाठ थोपटली. माळेवाडीच्या गोटातनं शेठ उठून उभे राहिले आणि दिगूकडं बघत राहिले. मला वाटलं, डाव फसला म्हणून बघतायत.

माळेवाडीशी आमचा सामना चारला होता. आता तरी थोडं पिऊ दे, असं दिगू म्हणाला. पण नियमात एक मेख होती. समोरच्या संघानं हरकत घेतली तर मैदानात उतरायच्या आधी पुन्हा वजन करता यायचं. माळेवाडी हरकत घेणार याची मला शंभर टक्के खात्री होती. म्हणून चारपर्यंत पळी चालूच राहिली. हरकत कुणीच घेतली नाही.

चार वाजता मैदान माणसांनी फुललं होतं. झाडांवर पोरं, कौलांवर पोरं. पहिल्या चढाईला दिगू गेला. रेषा ओलांडली, तोंडातनं कबड्डी कबड्डी सुरू झालं, आणि दहा-बारा वेळा म्हणतोय न म्हणतोय तोवर आवाज तुटला. शिट्टी वाजली. दम गेला, गडी बाद.

दिगूचा दम तुटला? ज्याच्या दमावर लोक पैजा लावायचे त्याचा? आमचा एक गुण आला आणि तो परत आत आला. मी त्याला पुन्हा पाठवला. या वेळी तो मैदानाच्या मध्यापर्यंत गेला आणि उभाच राहिला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक हात पोटरीवर होता. माळेवाडीच्या पोरांनाही कळेना, धरायचा की नाही. त्यांनी नुसता हात लावला आणि हा खाली बसला.

माझ्या डोळ्यांपुढं चिंचेखालची बुलेट आली. मोटारीचं पाणी, न खाल्लेली भाकरी, सोमवारची सुट्टी. वजनात अडवता आला नाही म्हणून मैदानात करून दाखवलं! मी गेलो, त्याला बखोटीला धरून उठवलं आणि पाच-सहाशे माणसांदेखत कानाखाली वाजवली.

"इकला गेलास, भडव्या!"

त्यानं गालाला हातही लावला नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आत जीभ पांढरी पडून टाळूला चिकटली होती. मला ती दिसली, आणि दिसूनही मी मागं वळलो. दुसरा गडी घेतला आणि खेळ पुढं चालू केला. सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो.

सामना संपल्यावर माझ्या आईचा आरडाओरडा ऐकू आला. मंडपाच्या मागं दिगू आडवा पडला होता, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेले, डोळे पांढरे. आई पदर भिजवून त्याच्या ओठांवर पिळत होती. वस्ताद कुठं दिसेनात. गर्दी नुसती बघत होती, आणि तिच्यातनं वाट काढत पुढं आले ते जयकुमार शेठ.

"उचल त्याला," शेठ मला म्हणाले. "जीप लावलीय. बघतोस काय?"

तालुक्याचा रस्ता पाऊण तासाचा. दिगूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शेठ स्वतः गाडी चालवत होते. निम्म्या वाटेत ते समोर बघतच म्हणाले, "तू ह्याला मारलंस ते मी बघितलं."

मी दिगूचं डोकं मांडीवर सावरून धरलं.

"काय म्हणालास? विकला गेला?" शेठनी गिअर टाकला. "मी विकत घ्यायला गेलो होतो, हे खरं आहे. फाट्यावर सोडायला आलो तेव्हा सांगितलं, आमच्याकडून पासष्टच्या गटात खेळ. वजन उतरवायची भानगड नाही. पोटभर खा, खेळ, आणि वखारीत मुकादम हो. आई म्हातारी आहे तुझी."

"मग?"

"मग काय? म्हणाला, निवासला शब्द दिलाय. मला राग आला. उद्यापासून कामाला येऊ नको, म्हणालो." शेठनी हॉर्न दाबून एक बैलगाडी मागं टाकली. "आठ दिवस झाले त्याला. तुला बोलला नाही?"

मला बोलला नव्हता. त्याच्या आईलाही बोलला नव्हता. रोज डबा घेऊन निघायचा आणि कालव्याच्या पुलाखाली बसून दिवस काढायचा, हे मला पुढं कळलं. त्या जीपमध्ये मी फक्त त्याच्या गालावरची माझी बोटं बघत होतो. ती अजून उमटलेली होती.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी लघवीची बाटली उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "काय केलंय ह्याला?" मी सगळं सांगितलं, अगदी युरियाच्या कागदापासून. मध्येच मी म्हणालो, "चरबी उतरवायची होती, साहेब."

"ह्याच्या अंगावर चरबी आहे कुठं? वजन आहे ते मांसाचं, कष्टाचं," डॉक्टर म्हणाले. "आणि घामात चरबी नसते. मीठ असतं आणि पाणी असतं. तुम्ही ह्याचं रोज पाणी काढत होता, आणि हा रात्री ते पिऊन जगत होता, म्हणून आजपर्यंत टिकला. शेवटचे दोन दिवस काय केलंत?"

मी पळीचं सांगितलं. परिचारिकेनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान फिरवली. ते बघणं मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

रात्रीत वजन परत का यायचं, ते मला असं कळलं. सव्वा किलो म्हणजे शेठचं मटण नव्हतं. सव्वा लिटर पाणी होतं, आणि त्यावर त्याचा जीव चालला होता.

दिगू नऊ दिवस तिथं होता. वाचला. पण मूत्रपिंडाला धक्का बसला होता, आणि डॉक्टरांनी मैदान कायमचं बंद केलं. चौथ्या दिवशी तो नीट बोलायला लागला तेव्हा मी विचारलं, "मला का सांगितलं न्हाईस रं, वखारीचं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, उपकार दावतोय," तो म्हणाला. मग खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "आन् तू इचारलंच कुठं? तू नुसती झडती घेतलीस."

मी रडलो. त्यानं मला रडू दिलं.

आता आमच्या दोघांचीही पन्नाशी झाली. दिगूनं बापाची हत्यारं बाहेर काढून सुतारकाम धरलं. फाट्यावर त्याचं दुकान आहे, माझ्या घराची दारं-खिडक्या त्याच्याच हातच्या. माफ केलं असं तो कधी म्हणाला नाही आणि मी कधी माफी मागितली नाही, आमच्यात ती रीत नाही. वस्ताद गेले. जत्रेत अजून पोरं स्वेटर घालून पळताना दिसतात, मी त्यांना हटकतो, ती हसतात.

महिन्या-पंधरवड्यातनं मी दुकानात जातो. तो रंधा बाजूला ठेवतो, कोपऱ्यातल्या माठाकडं जातो आणि तांब्या काठोकाठ भरून आणतो. कोणीही आलं तरी तो असाच देतो, हे मला माहीत आहे. घरी-दारी आलेल्याला आपण सगळेच देतो.

"पी," तो म्हणतो. "उन्हातनं आलायस."

आणि मी तांब्या रिकामा करेपर्यंत तो समोर उभा राहतो.